टपाल न पोचलेल्या मुलखाचा मास्तर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वेळी ‘आठवणीतले शिक्षक’ असा विभाग ठेवला आहे. आपल्या गुरुजनांवर लिहिणारे हात आपल्या तुकडीत भरपूर आहेत आणि त्यांच्या आठवणी माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. म्हणून मी थोडी वेगळी वाट धरते. ज्या शिक्षकाने आपल्यापैकी कुणालाही शिकवलं नाही, ज्याला आपल्यापैकी कुणी पाहिलंही नाही, अशा एका शिक्षकाबद्दल लिहिते. त्यांचं नाव आगा शाहिद अली. काश्मीरचे कवी, इंग्रजीत लिहिणारे, आणि व्यवसायाने अखेरपर्यंत शिक्षक. ८ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ॲमहर्स्ट या गावी ते गेले. तेव्हा त्यांचं वय अवघं बावन्न वर्षांचं होतं. आपण सगळे ते वय केव्हाच ओलांडून पुढे आलो आहोत.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती पाठ्यपुस्तकातून. नोकरीच्या काळात मी अकरावीला इंग्रजी शिकवत असे. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या ‘स्नॅपशॉट्स’ या पुरवणी वाचनाच्या पुस्तकात अमिताव घोष यांचा, आपल्या या मित्रावर लिहिलेला मृत्युलेख अनेक वर्षं धडा म्हणून होता. पहिल्या वर्षी मी तो इतर धड्यांसारखाच उरकला: शब्दार्थ, पाच ओळींत उत्तरं, परीक्षेत काय येईल ते. दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, त्यांना घरी का नाही नेलं?” तिला उत्तर देण्यासाठी मी वाचायला लागले, आणि ते वाचन आजतागायत चालू आहे. या लेखात त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते.

शाहिद यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४९ चा, दिल्लीतला. वाढले मात्र श्रीनगरात. घराणं शिक्षकांचं. आजी बेगम झफर अली या काश्मीरमधल्या मॅट्रिक झालेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. पुढे त्या शाळा तपासनीस झाल्या. ज्या काळात मुलीला उंबरठ्याबाहेर पाठवणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात ही बाई गावोगाव मुलींच्या शाळा पाहत फिरत होती. आपल्याकडे सावित्रीबाईंची परंपरा सांगताना आपली मान ताठ होते. काश्मीरच्या खोऱ्यातही अशी माणसं होती हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वडील आगा अशरफ अली हेही नामवंत शिक्षणतज्ज्ञ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी या गावी गेले, तेव्हा सगळं कुटुंब बरोबर होतं आणि शाहिद काही वर्षं तिथल्याच शाळेत शिकले. श्रीनगरला त्यांची शाळा होती मिशनऱ्यांची, ‘बर्न हॉल’ नावाची. घरात फारसी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली कविता म्हटली जायची. मुलगा इंग्रजीत कविता करायला लागला ते मात्र लहानपणीच.

या घराबद्दलची एक गोष्ट घोष यांनी नोंदवून ठेवली आहे. लहानपणी शाहिदना वाटलं, आपल्या खोलीत एक छोटं देऊळ असावं. शिया मुसलमानाचं घर! मुलाला आधी सांगायची धास्ती वाटली. पण आईला कळलं तेव्हा तिनेच उत्साहाने मूर्ती आणि पूजेचं सामान आणून दिलं, आणि काही काळ या मुलाने मनोभावे पूजा केली. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं आधी हसायची, मग गप्प व्हायची. मी त्यावर भाष्य करत नसे. आताही करत नाही.

काश्मीर विद्यापीठातून पदवी घेऊन शाहिद दिल्लीला आले, हिंदू कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवायलाही लागले. या दिल्लीच्या दिवसांत त्यांच्या आयुष्यात आल्या बेगम अख्तर. तरुण शाहिद त्यांच्या गाण्याने नुसते भारून गेले नाहीत. त्यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गझल कशी उभी राहते, शब्द किती वेळ हातात धरायचा आणि कधी सोडायचा, हे ते तिथे शिकले. ऑक्टोबर १९७४ मध्ये अहमदाबादला मैफलीनंतर बेगम अख्तर गेल्या. आपण तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. शाहिद यांनी १९७९ साली जो संग्रह काढला त्याचं नावच त्यांनी ‘इन मेमरी ऑफ बेगम अख्तर’ असं ठेवलं.

१९७६ साली, म्हणजे आपण शाळा सोडली त्याच्या पुढच्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून १९८४ साली इंग्रजीत डॉक्टरेट, मग ॲरिझोना विद्यापीठात काव्यलेखनाचं शिक्षण. १९८७ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजात शिकवलं, १९९३ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ॲमहर्स्टला, आणि त्यानंतर युटा विद्यापीठात. ‘द हाफ-इंच हिमालयाज’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा. श्रीनगरहून आलेल्या पोस्टकार्डावर मावेल एवढाच हिमालय आता आपल्या वाट्याला उरला, अशी ही कल्पना. आपल्यापैकी जे त्या दशकात बाहेर गेले, त्यांना ही अर्ध्या इंचाची मोजपट्टी वेगळी समजावून सांगायला नको. आईने पाठवलेल्या निळ्या पत्राच्या कडेला उरलेल्या जागेत आडवं लिहिलेलं असायचं, तेही तितकंच मावायचं.

शिक्षक म्हणून शाहिद यांचं मोठं काम कोणतं, असं मला विचाराल तर मी गझलेचं नाव घेईन. आणि इथे मराठी माणसाला या विषयात घरच्यासारखं वाटावं, असं बरंच आहे.

१९६९ साली गालिबच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने एजाज अहमद यांनी काही मोठ्या अमेरिकन कवींना गालिबच्या शेरांचे शब्दशः अर्थ पुरवले आणि त्यांच्याकडून इंग्रजी रूपं करून घेतली. हा प्रयोग गाजला. पण त्यातून अमेरिकेत एक समजूत पसरली, की दोन-दोन ओळींचे सुटे तुकडे एकाखाली एक लिहिले की गझल होते. काफिया नाही, रदीफ नाही, वजनही नाही. शाहिद यांना हे सहन होत नसे. मुक्तछंदातली गझल ही कल्पनाच त्यांना आपल्या आपणच खोडून निघणारी वाटे. त्यांनी वर्गात, व्याख्यानांत, लेखांत पुन्हा पुन्हा सांगितलं, की या रचनेला हजार वर्षांची शिस्त आहे. ती पाळायची नसेल तर दुसरं नाव द्या. शब्दाच्या उच्चारापासून त्यांनी सुरुवात केली. पहिलं अक्षर घशातून कसं काढायचं, हे ते अमेरिकन मुलांना शिकवत. मग मतला, मग काफिया, मग रदीफ. मग शेवटचा शेर, ज्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. स्वतःच्या नावाशी ते मोठ्या हौसेने खेळत, कारण ‘शाहिद’ म्हणजे अरबीत साक्षीदार आणि फारसीत प्रियतम.

हा सगळा हट्ट त्यांनी २००० साली एका संकलनात उभा केला. ‘रॅविशिंग डिसयुनिटीज’ हे त्याचं नाव. शंभराहून अधिक कवींनी इंग्रजीत नियमाने लिहिलेल्या गझला त्यात आहेत. नाकं मुरडणाऱ्यांनाही त्यांनी कामाला लावलं. शिक्षकाचं कौतुक मला इथे वाटतं. नियम मोडणाऱ्यावर टीका करणं सोपं असतं. नियम पाळून काय सुंदर होतं हे दाखवायला शंभर माणसांच्या मागे लागावं लागतं, पत्रं लिहावी लागतात, मसुदे परत पाठवावे लागतात.

आता आपल्याकडे पाहा. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव त्र्यंबक पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९३३ साली ‘गज्जलांजली’ काढून मराठीत या रचनेची पायाभरणी केली. तेही शिक्षकच, आणि तेही लवकर गेले, १९३९ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझलेला तिचा स्वभाव मिळवून दिला. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चा, ‘एल्गार’ १९८३ चा. आणि भटांनी केवळ स्वतः लिहिलं नाही. ‘गझलेची बाराखडी’ तयार करून त्यांनी ती नव्या कवींच्या हाती दिली. काफिया चुकला की ते रागावत. जमला की तोंड भरून दाद देत. एक मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रजीला शिस्त लावत होता, दुसरा नागपुरात मराठीला. दोघांची भेट झाल्याचं माझ्या वाचनात नाही, पण दोघे एकाच शाळेचे मास्तर होते, हे त्यांचे नियम शेजारी ठेवले की लगेच कळतं. सुरेश भटही शाहिदनंतर सव्वा वर्षाने, मार्च २००३ मध्ये गेले.

गझलेबद्दल वर्गात सांगताना मी आपल्या तुकडीचाच दाखला देत असे. प्रत्येक शेराचं बिऱ्हाड वेगळं. एकात विरह, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात थट्टा. एकमेकांशी त्यांना काही देणंघेणं नाही. तरी हजेरीला सगळ्यांनी शेवटी एकच शब्द म्हणायचा, म्हणजे रदीफ. सुटी सुटी माणसं त्या एका शब्दावर एकत्र येतात. आपला मेळावा दुसरं काय आहे?

शाहिद यांचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक १९९७ चं: ‘द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस’. याच्या नावामागे घडलेली गोष्ट आहे. १९९० साली काश्मीर पेटलं. बंडखोरी, कर्फ्यू, गोळीबार. आणि त्याच वर्षी काश्मिरी पंडितांची घरंच्या घरं खोरं सोडून निघाली. त्या काळात जवळजवळ सात महिने टपालाचं वाटप झालं नाही. शाहिद यांच्या वडिलांच्या एका मित्राच्या घरातून पोस्टाची इमारत दिसायची. पत्रांचे ढीग वाढत चाललेले ते रोज पाहत. एक दिवस ते उठून तिथे गेले, ढिगाच्या वरचंच एक पत्र उचललं, आणि ते त्यांच्याच नावाचं निघालं. पाठवणारे होते शाहिद यांचे वडील.

मित्रहो, आपली पिढी ही टपालाची शेवटची पिढी. पोस्टमन दारावरून पुढे गेला की काळजात काय होतं हे आपल्याला माहीत आहे, आपल्या नातवंडांना नाही. म्हणून मला वाटतं, सात महिने पत्र न येणं म्हणजे काय, हे आपल्याला त्यांच्यापेक्षा लवकर उमगतं. दंगलीत किती माणसं गेली याचे आकडे कुठेतरी नोंदले जातात. पण किती आयांना मुलाचं पत्र मिळालं नाही, किती मनीऑर्डरी पडून राहिल्या, किती लग्नपत्रिका लग्न होऊन गेल्यावर पोचल्या, याची नोंद कोण ठेवतो? ती नोंद या पुस्तकाने ठेवली. मी याला इतिहास म्हणते.

या पुस्तकात कुणाची बाजू आहे, असा प्रश्न दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारायचाच. त्यात लष्कराच्या गोळीने मेलेल्या पोरांचा शोक आहे. १९९५ च्या मे महिन्यात जळून गेलेल्या चरार-ए-शरीफच्या दर्ग्याचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अतिरेक्यांनी ओलीस ठेवून मारलेल्या हान्स ख्रिस्टियन ओस्त्रो या सत्तावीस वर्षांच्या नॉर्वेजियन तरुणाचाही आहे, जो आधी केरळात कथकली शिकला होता. आणि गेलेल्या पंडितांसाठी लिहिलेली एक कविता आहे, जिला शाहिद स्वतः काश्मिरी मुसलमानाने काश्मिरी पंडिताला लिहिलेलं एक प्रकारचं प्रेमपत्र म्हणत. घोष लिहितात की शाहिदना वारंवार एक स्वप्न पडे: खोऱ्यातले सगळे पंडित नाहीसे झाले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचं जेवणही जगातून गेलं आहे. शाहिद पट्टीचे स्वयंपाकी होते, आणि पंडितांच्या पद्धतीचा काश्मिरी स्वयंपाक ही त्यांच्या दृष्टीने गंमत नव्हती. दुसऱ्याच्या घरातली चूल विझली तर आपलंही काही कायमचं गेलं, असं वाटणारा हा माणूस. त्यांना कोणत्या बाजूला उभं करायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला तो प्रयत्न कधी साधला नाही.

पुस्तक आलं त्याच वर्षी, १९९७ मध्ये, त्यांच्या आईचा मृत्यू झाला. मेंदूचा कर्करोग. उपचारांसाठी त्या मुलांजवळ अमेरिकेत होत्या. कुटुंबाने त्यांचा देह ॲमहर्स्टहून काश्मीरला नेला आणि तिथल्या मातीत ठेवला. त्या काळातल्या काश्मीरला शवपेटी घेऊन जाणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या प्रवासावर शाहिद यांनी एक दीर्घ काव्यमाला लिहिली. मोहरमच्या मजलिसीत लहानपणापासून ऐकलेली करबलाची कथा, भावाच्या मृत्यूनंतर शोक सांगत फिरणारी झैनब, आणि आपली आई, असं सगळं त्यात एकत्र येतं. ती मालिका ज्या संग्रहात आहे, तो ‘रूम्स आर नेव्हर फिनिश्ड’ २००१ साली आला आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचला.

पण तोवर आईला झालेल्याच रोगाने मुलाला गाठलं होतं. फेब्रुवारी २००० मध्ये एके दिवशी अचानक डोळ्यांसमोर अंधार आला. तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाल्या. शाहिद न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला राहायला आले, आणि काही गल्ल्यांपलीकडे अमिताव घोष राहत होते. दोघे एकाच काळात दिल्ली विद्यापीठात होते, पण तेव्हा भेट झाली नव्हती. आता रोजचं येणंजाणं सुरू झालं. रोगनजोश, रोशनआरा बेगम, किशोरकुमार आणि मुंबईचे जुने सिनेमे हे दोघांचे जिव्हाळ्याचे विषय. क्रिकेटचं दोघांनाही सोयरसुतक नाही. शाहिद यांचं घर माणसांनी भरलेलं असे. बाहेरच्या खोलीत गप्पांचा फड, आणि आजारी यजमान तिथूनच नुसत्या वासावरून सांगणार की आत भांड्यातलं मटण कोणत्या टप्प्यावर आलं आहे. आळशी लोकांसाठी त्यात एकही पायरी गाळू देणार नाहीत. काफिया आणि कालवण दोन्हीकडे नियम तोच.

त्यांनी घेतलेल्या शेवटच्या तासाचं वर्णन घोष यांनी केलं आहे आणि मी ते प्रत्येक वर्षी वर्गात दोनदा वाचून घेत असे. मॅनहॅटनमधलं बरूक कॉलेज. तास लवकर संपवायचा होता, कारण लगेच रुग्णालयात जायचं होतं. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी एक नियतकालिक छापून आणलेलं, अंक त्यांना अर्पण केलेला. कुणीही रडवेला झाला असता. पण शाहिद यांनी तो तास बेगम अख्तरांनी मैफल रंगवावी तसा रंगवला. उशिरा आलेल्या भारतीय मुलीला ओरडण्याऐवजी त्यांनी आपल्या उपखंडातलं माणूस दिसल्यामुळे देशप्रेमाने मूर्च्छा येत असल्याचा अभिनय केला, आणि वर्ग हसत सुटला.

आपण शिक्षक मंडळींना हा प्रसंग वेगळ्या कारणाने कळतो. निरोपाच्या दिवशी वर्गावर आपलं दुःख न टाकणं हे शिकवण्याच्या कामातलं अवघड कसब आहे. आपल्या शाळेत घरी मोठं दुःख झालेलं असताना दुसऱ्या दिवशी येऊन फळ्यावर तारीख लिहिणारे गुरुजन आपण पाहिले आहेत. तेव्हा आपल्याला काही कळलं नव्हतं, आणि न कळणं हीच त्यांची इच्छा होती.

२५ एप्रिल २००१ ला शाहिद घोष यांच्याशी प्रथमच आपल्या येऊ घातलेल्या मृत्यूबद्दल बोलले. बोलता बोलता मध्येच म्हणाले, मी गेल्यावर तू माझ्याबद्दल काही लिहायला हवंस. घोष आधी धीर देऊ लागले, विषय टाळू पाहू लागले. शाहिद यांनी टाळू दिला नाही. शेवटी घोष यांनी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक भेटीची, प्रत्येक फोनची टिपणं ठेवायला सुरुवात केली. त्या टिपणांतून पुढे तो लेख झाला. म्हणूनच रुग्णालयात चाकांच्या खुर्चीतून नेणारा कर्मचारी दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोरचा आहे हे कळल्यावर, केवळ लोर्का वाचण्यासाठी आपल्याला स्पॅनिश शिकायचं होतं हे शाहिद यांनी त्याला आनंदाने सांगितलं, एवढी बारीक गोष्टही आपल्यापर्यंत पोचली. लिहून ठेवली नसती तर गेली असती.

शेवटी ते ॲमहर्स्टला भावाच्या घरी गेले. मरणासाठी काश्मीरला परतावं असं त्यांना आधी वाटत होतं; नंतर त्यांनी तो विचार सोडला. ८ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच ते गेले आणि जवळच्याच नॉर्थॅम्प्टन गावात त्यांना मूठमाती दिली गेली. एमिली डिकिन्सन ही त्यांची फार आवडती कवयित्री, आणि ॲमहर्स्ट हे तिचं गाव. आई काश्मीरच्या मातीत, मुलगा मॅसॅच्युसेट्सच्या.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी त्या वर्षी दिलेलं उत्तर असं होतं: पुण्यात १८८७ साली एकविसाव्या वर्षी वारलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या अस्थी कुठे आहेत? न्यूयॉर्क राज्यात, पोकीप्सी गावी, ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत. मायदेशात मरूनही त्यांची खूण परदेशात आहे, कारण तिथे त्यांचं माणूस होतं. घर म्हणजे आपली आठवण ठेवणारं माणूस जिथे असेल ती जागा, इतकंच मला तेव्हा सांगता आलं. मुलीचं समाधान झालं की नाही, ठाऊक नाही. ती आता स्वतः परदेशात आहे.

शाहिद यांच्यामागे काय राहिलं? २००९ साली त्यांच्या एकत्रित कविता ‘द व्हेल्ड स्वीट’ या नावाने आल्या. युटा विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने त्यांच्या नावाने कवितेचा पुरस्कार सुरू केला. आणि विद्यार्थी राहिले. कराचीच्या कमिला शम्सी हॅमिल्टनला आणि पुढे ॲमहर्स्टला त्यांच्या हाताखाली शिकल्या. २०१८ साली ‘होम फायर’ या कादंबरीला विमेन्स प्राइझ मिळालं ते त्यांनाच. श्रीनगरचा शिक्षक, कराचीची विद्यार्थिनी, वर्ग न्यूयॉर्क राज्यात. आपल्या उपखंडात ज्या दोन गावांमध्ये सरळ टपाल जाणं मुश्किल, त्यांच्यातली विद्या अशी वळसा घालून पोचली.

आता आपल्याकडे वळते. या स्मरणिकेच्या शेवटी दिवंगतांची यादी आहे. त्यात आपले गुरुजन आहेत आणि आपल्या बाकावरची माणसंही आहेत. त्यांतली काही परदेशात गेली. बातमी आपल्याला उशिरा कळली, काहींची तर या मेळाव्याची पत्रं परत आल्यावर कळली. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक वर्ष आहे, बाकी जागा कोरी आहे. आपल्यातला एक जण तिकडच्या एका छोट्या गावात वीस वर्षं गणित शिकवत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? त्याच्या वर्गात मुलं हसायची का, कोणत्या चुकीवर तो चिडायचा, हे तिथल्या कुणा विद्यार्थ्याला आठवत असेल. पण आपल्याकडे कोरी जागा.

शाहिदना आपला लेखक मिळाला, कारण त्यांनी मागितला. बहुतेक माणसं मागत नाहीत. आपले सर तर कधीच मागणार नाहीत. म्हणून संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. या अंकानंतर एक वही उघडावी. जो जिवंत आहे त्याला आज फोन करावा, जो गेला आहे त्याच्या घरच्यांशी बोलावं, आणि प्रत्येक नावापुढे किमान एक पान लिहावं: तो काय शिकवायचा, ती कशावर हसायची, भांडण कशावरून झालं होतं. अमेरिकेतल्या, आखातातल्या, ऑस्ट्रेलियातल्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या गावातल्या नावांची जबाबदारी घ्यावी. पहिली दहा पानं लिहायला मी तयार आहे. गणित शिकवणाऱ्या आपल्या त्या मित्राच्या मुलीचा पत्ता मला गेल्या महिन्यात मिळाला. तिला मी ई-मेल केला नाही, पत्रच टाकलं आहे.